पोरांना मराठीतून रोलप्लेइंग गेम खेळवायचाय: फासे नाहीत, शब्द नाहीत

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. पुण्यात असताना आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायचो. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होतात, अडलं की फासा टाकायचा. चार वर्षं हे चाललं. आता लातूरला परत आलोय. सुट्टीत बहिणीची दोन, भावाचं एक आणि गल्लीतली तीन अशी सहा पोरं आमच्या ओसरीवर पडीक असतात. वय अकरा ते पंधरा. म्हटलं, मोबाइलवरून रोज ओरडण्यापेक्षा यांना हेच शिकवू.

परवा पहिला डाव मांडला आणि पार फसला. मी आवाज लावून सुरुवात केली, "रात्र झालीय. गावाबाहेरच्या पडक्या गढीतून धूर निघतोय. दिंडी दरवाजा अर्धा उघडा आहे. तुम्ही काय करता?" सहाही जण माझ्या तोंडाकडे बघत बसले. जरा वेळाने धाकटी म्हणाली, "काय करायचं असतं, मामा?" आणि नववीतल्या भाच्याने विचारलं, "ऑप्शन कोणते आहेत?"

त्यात माझा वीस बाजूंचा एकुलता एक फासा घरंगळत मोरीत गेला, तो गेलाच.

तर मदत हवी आहे. फाशाऐवजी काय वापरू? गोष्ट चालवणाऱ्याला मराठीत काय म्हणू? 'डन्जन मास्टर' म्हटलं की पोरांना शाळेतले मास्तर आठवतात. आणि मुख्य म्हणजे यांची तोंडं कशी उघडू?

दुधनाकाठचा

पयला! पण एक सांगा, लुडोसारखं हाय का हे? जिंकतं कोण?

मांजराकाठ

कोणीच नाही. सगळे मिळून एका संकटातून सुटतात. किंवा नाही सुटत.

दुधनाकाठचा

जिंकायचंच नाही तर खेळायचं कामून?

ओसरीवरचा_तत्त्वज्ञ

दुधनाकाठचे, तुम्ही भजनाला जाता तिथे कोण जिंकतं?

दुधनाकाठचा

आमच्यात पखवाजवाला जिंकतो.

गोदामाय

ठ्ठो! :))

ओसरीवरचा_तत्त्वज्ञ

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढला. त्याआधी ही मंडळी टेबलावर छोट्या सैनिकांच्या फौजा लढवायची. यांनी खेळणाऱ्याच्या हातात फौजेऐवजी एकच माणूस दिला. एवढ्या बदलाने सगळं फिरलं, कारण फौजेला भीती वाटत नाही, माणसाला वाटते.

सोंग घेणं आपल्याला काही नवीन नाही. लहानपणी आमच्या दारात बहुरूपी पोलीस होऊन यायचा आणि आजोबांच्या नावाचं वॉरंट वाचून दाखवायचा. गुन्हा काय, तर सुनेच्या हातचा चहा गोड आहे म्हणून सांगितलं नाही. आजोबा हात जोडून थरथर कापायचे. तो खोटा पोलीस आहे हे त्यांना ठाऊक आणि हे खोटे घाबरलेत हे त्याला ठाऊक. ह्याला रोलप्लेइंग नाही तर काय म्हणायचं?

खडूस_वाचक

बहुरूप्याचं ते पोट होतं. तुमची शनिवारची हौस आणि त्याची भाकरी एका ताटात वाढू नका.

ओसरीवरचा_तत्त्वज्ञ

मान्य. पण माझा मुद्दा आजोबांविषयी होता, त्यांना कुणी पैसे देत नव्हतं.

गणिताच्या_मॅडम

मूळ प्रश्नाकडे येते. वीस बाजूंच्या फाशात १ पडण्याची शक्यता आणि २० पडण्याची शक्यता सारखीच, पाच-पाच टक्के. म्हणून तो लहरी वाटतो. त्यापेक्षा लुडोचे दोन फासे घ्या. छत्तीस प्रकारांतून सात हा सहा प्रकारांनी पडतो, दोन आणि बारा एकेकानेच. मधलं जास्त घडतं, टोकाचं क्वचित. आयुष्यासारखं.

अवांतर: ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचे फासे म्हणजे प्लेटोचे पाच घन, सगळ्या बाजू आणि सगळे कोपरे एकसारखे असलेल्या आकृती. दहा बाजूंचा फासा मागून घुसलेला पाहुणा आहे, तो त्यात बसत नाही.

तुरीची_शेंग

फासे कशाला पाहिजेत? चिंचोके घ्या की! अष्टाचंगा विसरलात का सगळे? चार चिंचोके, एकेक बाजू फरशीवर घासून पांढरी केलेली. घासता घासता तापले की शेजारी बसलेल्याच्या दंडाला चटका द्यायचा, तो वेगळाच खेळ. चारही पांढरे पडले की चंगा, चारही काळे पडले की अष्टा.

गणिताच्या_मॅडम

शेंगताई, दंडवत. हे मला सुचायला हवं होतं.

चार चिंचोके म्हणजे सोळा प्रकार. एकही पांढरा नाही, १. एक पांढरा, ४. दोन पांढरे, ६. तीन पांढरे, ४. चारही पांढरे, १. म्हणजे बेरीज सुद्धा करायला नको, नुसते पांढरे मोजायचे. अकरा वर्षांच्या पोरीलाही जमेल. नियम असा बसवता येईल: एक पांढरा पडला तर काम फसलं, दोन पडले तर झालं पण काहीतरी किंमत मोजावी लागेल, तीन पडले तर सरळ झालं, चार पडले तर झालं आणि वर काहीतरी भलं पदरात पडलं. एकही नाही तर सत्यानाश.

मांजराकाठ

मॅडम, हे भारी आहे. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' नावाचा २०१० मधला एक खेळ आहे, त्यात दोन फासे टाकून असंच करतात. सहापर्यंत फसलं, सात ते नऊ झालं पण किंमत मोजून, दहा किंवा जास्त पडले तर नीट झालं. खरी गंमत त्या मधल्या निकालात असते. भिंत चढलास, पण चप्पल खाली पडली आणि पहारेकरी जागा झाला.

गणिताच्या_मॅडम

मग तुलनाच करून टाकते. त्या फाशांत फसण्याचे पंधरा प्रकार, छत्तीसपैकी. म्हणजे जवळजवळ ४२ टक्के. चिंचोक्यांत फसण्याचे चार आणि सत्यानाशाचा एक, सोळापैकी पाच. ३१ टक्के. आपले चिंचोके मायाळू आहेत. अर्थात हा हिशोब पांढरी-काळी बाजू सारखीच पडते असं धरून. हाताने घासलेला प्रत्येक चिंचोका आपल्या मर्जीचा असतो.

दुधनाकाठचा

म्हणून सगळ्यांनी एकच सेट वापरा. आमच्याकडं एक गडी सोताचे चिंचोके खिशात घालून यायचा. लई घासलेले. त्याला कायम चंगाच पडायचा. शेवटी आम्ही ते भाजून खाल्ले.

अंधारीतलं_वटवाघूळ

तोंडं उघडत नाहीत यावर माझा अनुभव. आयडीवरून कळलंच असेल, मी देवगिरीच्या पायथ्याचा.

आठवीत असताना सहलीत आम्ही किल्ल्याच्या अंधारीत शिरलो. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: कातळ कोरून काढलेलं वळणावळणाचं भुयार आहे, पायऱ्या एकसारख्या नाहीत, मध्येच एक वाट फसवून भलतीकडे नेते. वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून आत धूर कोंडायची सोय होती. परक्या सैन्याने तिथे आपल्याच माणसांवर वार करावेत अशी सगळी रचना. आत मधोमध गाइडने मशाल विझवली आणि म्हणाला, "आता शेजारच्याचा हात सोडा." पन्नास पोरं. कोणी सोडला नाही. वर फक्त वटवाघळांची फडफड.

त्या माणसाने आम्हाला "काय करता?" असं विचारलं नव्हतं. त्याने हातात एक हात दिला आणि तो सोडायला सांगितला. मी मित्रांना खेळवतो तेव्हा तेच करतो. "तुम्ही भुयारात आहात, काय करता?" असं विचारलं तर सगळे गप्प. "तुझा डावा हात भिंतीवर आहे आणि भिंत ओली लागतेय" असं म्हटलं की समोरचा आपोआप विचारतो, "पाणी आहे का रक्त?" झालं, बोलला की.

आणि गोब्लिन नावाच्या परदेशी भुतांची गुहा कशाला हवी? १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला. वेढा पडला आणि गडावर धान्याची म्हणून चढवलेली पोती मिठाची निघाली, ही गोष्ट आपल्याकडे पोरासोरांना पाठ असते. पोरांना कोठीवर नेमा. पहिलं पोतं त्यांनाच फोडू द्या. पुढचं काही ठरवूच नका.

खडूस_वाचक

मिठाच्या पोत्यांची गोष्ट फरिश्ता हा इतिहासकार सांगतो, आणि तो तीनशे वर्षांनंतरचा. इतिहास म्हणून खपवू नका.

अंधारीतलं_वटवाघूळ

इतिहास म्हणून कुठे, डाव म्हणून सांगतोय.

टँकरवाला

लातूरकरांना हिट पॉइंट, म्हंजे जखम झाली की कमी होणारे गुण, शिकवायलेत व्हय? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आमच्याकडं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत घागरी नंबरात लावून लोक त्यांच्या शेजारीच झोपायचे. जखमा कशाला मोजता, रसद मोजा. पोरांना लगेच कळंल.

मांजराकाठ

टँकरवाले, हे घेतलं. वाटीत काहीतरी ठेवतो. एक दिवस गेला की एक चिमूट कमी.

गोदामाय

मला एक भाबडी शंका. राक्षस, भुतं यांचं काय करणार? माझ्या भावाने असाच एक खेळ लिहायला घेतला होता. त्यात विहिरीतल्या साती आसरांना 'मॉन्स्टर' केलं आणि त्यांना मारल्यावर किती गुण मिळतात त्याचा तक्ता काढला. आईने तो कागद वाचला आणि तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. आसरांना मारतात का? त्यांना नैवेद्य दाखवतात.

ओसरीवरचा_तत्त्वज्ञ

तुमच्या आईंनी नकळत खेळाचा नियम सांगितला. आपल्याकडच्या म्हसोबाशी, आसरांशी, मुंजाशी लढाई नसतेच, देवाणघेवाण असते. काय हवंय, काय देऊ. त्यावर उलट जास्त चांगला खेळ होईल.

निजामकालीन_घड्याळ

देवगिरी ठीक आहे, पण तो फार जुना. मराठवाड्याचा खेळ करायचा तर मुक्तिसंग्रामावर करा. सरहद्दीवरचे कॅम्प, रात्री हद्द ओलांडून जाणारी पोरं, निरोप पोचवणारे, रझाकारांची गस्त. १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन होतं, त्यापलीकडे पोरांना काही माहीत नसतं. खेळातून कळेल.

तुरीची_शेंग

घड्याळसाहेब, माझी आज्जी त्या वेळी दहा वर्षांची होती. दोन रात्री ज्वारीच्या रानात बसून काढल्या तिने, धाकट्या भावाच्या तोंडावर हात दाबून. तो हात तिने पुढे आयुष्यभर असा उलटा करून बघितला आहे, मी पाहिलंय. त्यावर चिंचोके टाकायचे? 'दोन पांढरे, भाऊ रडला'? मला नाही जमणार.

उदगीरचा_चहा

शेंगताईंशी सहमत, आणि थोडं पुढचं. माझ्या आजीचीही एक रात्र आहे. ती १७ सप्टेंबरच्या नंतरची. आमचं घर शेजारच्या देशपांड्यांच्या माडीवर लपलं होतं. खेळ करायचाच असेल तर 'ते' आणि 'आपण' असे दोन गट पाडून करू नका. पोरांच्या टेबलावर सहा घरची सहा पोरं असतात.

तुरीची_शेंग

हे आधी कधी लिहिलं नव्हतं तुम्ही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

निजामकालीन_घड्याळ

माझं चुकलं असं म्हणणार नाही, पण घाई झाली. मोठ्यांनी, ओळखीच्यांनी खेळावं हे.

मांजराकाठ

बाहेर यासाठी एक पद्धत आहे. टेबलाच्या मधोमध फुली मारलेलं कार्ड ठेवतात, त्याला एक्स-कार्ड म्हणतात. कोणाला काही नको वाटलं तर त्यावर बोट ठेवायचं. तो भाग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. पोरांना हे समजावणं मात्र अवघड वाटतंय.

कच्चा_लिंबू

चार दिवस नुसता वाचतोय, आता आयडीला जागून बोलतो. ह्यात अवघड काय आहे? मुठीला थुंकी लावून 'टाइमप्लीज'! कोणत्याही पोराला ठाऊक आहे. टाइमप्लीज म्हटलं की पकडायचं नाही आणि का म्हटलं म्हणून विचारायचंही नाही.

धाकटी गोंधळते ना? तिला कच्चा लिंबू करा. ती खेळेल, पण दोन डाव तिचं काही फसणार नाही.

आणि मास्टरला शब्द शोधायलात, तो पण तुमच्या अंगणातच पडलेला आहे. लपाछपीत कोणावर तरी राज्य असतं. ज्याच्यावर राज्य तो काही राजा नसतो, उलट त्याच्याच जिवाला ताप. सगळे लपणार, ह्याने एकट्याने शोधायचं. गोष्ट चालवणाऱ्याचं तेच नाही का? सहा जण सहा दिशांना पळणार आणि हा मागे धावणार. 'सूत्रधार' वगैरे म्हणू नका, त्याच्या हातात सूत्रं असली की बाकीच्यांच्या बाहुल्या होतात. "आज राज्य कोणावर?" एवढंच विचारा.

गणिताच्या_मॅडम

+१. आणि राज्य फिरतं! पुढच्या वेळी दुसऱ्यावर.

खडूस_वाचक

ह्या धाग्यावरचा पहिला प्रतिसाद ज्यात मला खोट काढता येत नाही. त्रास होतोय.

अनुवादक_आळशी

कोणाला मूळ खेळच मराठीत आणायचा असेल तर एक कामाची माहिती. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या पायाभूत नियमांचा दस्तऐवज २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. श्रेय दिलं की भाषांतर करून छापता, विकता येतं. मी सुरुवात केली होती. 'सेव्हिंग थ्रो'पाशी, म्हणजे संकटातून वाचायला टाकायच्या फाशापाशी अडलो, तो अजून तिथेच आहे.

दुधनाकाठचा

'सेव्हिंग थ्रो' = 'वाचलो बुवा'. घ्या पुढं.

मांजराकाठ

रविवारचा वृत्तांत. लांब आहे, चहा घेऊन बसा.

चिंचोके परसातल्या झाडाचेच. शनिवारी दुपारभर पोरांनी फरशीवर घासले, चटके देऊन झाले, एक भांडण झालं. देवगिरीचा वेढा मांडला. राज्य माझ्यावर. वटवाघळाचा सल्ला ऐकून "काय करता?" हा प्रश्न मी दिवसभर तोंडातून काढला नाही. भाच्याला म्हटलं, "तू कोठीवाला आहेस. पोत्याला हात लावलास. धान्य सरकतं तसं हे सरकत नाहीये, दगडासारखं घट्ट आहे." तो म्हणाला, "भिजलंय का?" आणि मग थांबलाच नाही. ज्याने ऑप्शन मागितले होते तोच हा!

पोतं फोडलं, मीठ. मला वाटलं आता रडारड, राजाला सांगायचं का लपवायचं यावर वाद. धाकटी शांतपणे म्हणाली, "कैऱ्या आहेत का गडावर? लोणचं घालू."

पुढचा अर्धा तास लोणच्याचा कारखाना. गल्लीतला एक पोरगा रात्री दोर सोडून कैऱ्या चोरायला खाली उतरला. दोन पांढरे पडले: कैऱ्या मिळाल्या, पण दोर वर राहिला आणि तो खाली. मग त्याला वर कसा घ्यायचा हाच डाव झाला. वेढा राहिला बाजूला. रसद म्हणून वाटीत फुटाणे ठेवले होते, ते गडावरच्या तिसऱ्या दिवशीच संपले, कारण पुतण्या ते खरेखुरे खात होता. टँकरवाले, पुढच्या वेळी खडे.

पण सांगायचं ते वेगळंच. आई दारात गहू निवडत बसली होती. लक्ष नाही असं दाखवत होती. धाकटी दोराला लोंबकळत असताना तिने चिंचोके टाकले आणि चारही काळे पडले. तोवर कच्च्या लिंबाचे तिचे दोन डाव संपले होते. आमच्या नियमाप्रमाणे सत्यानाश. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई सूप खाली ठेवून म्हणाली, "अष्टा पडला की! आठ! आणि अजून एक डाव तिचा!"

मी समजावलं की आमच्या खेळात काळे म्हणजे वाईट. आई म्हणाली, "चारी पालथे वाईट कामून? सत्तर वर्षं आम्ही त्याच्यासाठी नवस बोलायलो." पोरं सगळी तिच्या बाजूला. नियम तिथल्या तिथे बदलला. अष्टा म्हणजे जे व्हायला पाहिजे ते होत नाही, पण कोणाच्या ध्यानीमनी नसलेलं भलतंच काहीतरी होतं, आणि ते टाकणाऱ्याने स्वतः सांगायचं. धाकटी म्हणाली, "दोर तुटतो. मी खंदकात पडते. पण खंदकात पाणी नसतंय, तिथं खालच्या सैन्याचे बैल बांधलेले असतात. मी एकावर बसून येते."

गणिताच्या_मॅडम

म्हणजे फसण्याचे आता चारच राहिले, सोळापैकी. २५ टक्के. तुमच्या आईंनी मोठ्या सफाईने शक्यता बदलली.

खडूस_वाचक

लोणच्यात तिखट कुठून आणलं? १२९६ मध्ये इथे मिरची नव्हती, ती पोर्तुगिजांनी आणली.

मांजराकाठ

मिऱ्यांचं घातलं. विचारलं होतं भाच्याने.

ओसरीवरचा_तत्त्वज्ञ

भाच्याला आमचा नमस्कार सांगा.

तुरीची_शेंग

पुढच्या रविवारी राज्य कोणावर?

मांजराकाठ

आईवर. पोरांनी ठरवलंय, मला कोणी विचारलं नाही. ती म्हणतेय गढी, धूर वगैरे नको, यात्रेत चुकलेलं पोरगं शोधायचं. आणि मला आत्ताच बजावलंय, "तू मध्ये बोलायचं नाहीस."

दुधनाकाठचा

धागा पूर्ण वाचला. पुण्यात नोकरीला हाव सध्या, हितं चिंचोके कुठं भेटतेत?

मांजराकाठ

घासलेले पाहिजेत का बिनघासलेले?

दुधनाकाठचा

लई घासलेले.